डाव्या हाताची हद्द

‘करवत’ हा आपला रोजचा शब्द संस्कृतातल्या ‘करपत्र’ या शब्दाचा वापरून वापरून झिजलेला अवतार आहे. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान अथवा पाते. तेव्हा ज्याने कुणी या हत्याराचे प्रथम बारसे केले त्याने हात आणि पाते यांची एकाच नावात अशी काही गाठ मारून ठेवली की पुढे शेकडो वर्षे ती सोडवण्याची कुणाला गरजच वाटली नाही. विदर्भातल्या विणकरांनी या पात्याचे दात साडीच्या किनारीवर उतरवून तिला करवतकाठी केले आणि काशीक्षेत्री मोक्षाच्या आशेने करवतीखाली देह ठेवल्याच्या कथा संतांच्या काळापासून आपल्याकडे सांगितल्या जात आल्या. पण काठावरची करवत असो की काशीची, कुळ एकच. विजेवर चालणारी जी मायटर करवत आता हौशी गृहस्थांच्या गॅरेजात आणि गच्चीवरच्या खोलीत येऊन बसली आहे, तिची कुळकथा सांगू लागलो म्हणजे मात्र या करपत्रातल्या ‘कर’ आणि ‘पत्र’ यांच्या फारकतीचीच कैफियत सांगावी लागते.

तिच्या नावातला ‘मायटर’ हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ डोक्याला बांधायची पट्टी असा होता; तो लॅटिनमार्गे ख्रिस्ती धर्मपीठात शिरला आणि बिशपच्या उंच, टोकदार मुकुटाला चिकटला. वसईच्या किंवा जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी तो मुकुट ज्यांनी पाहिला असेल त्यांना दोन उतरत्या कडा वर एका टोकाला कशा मिळतात हे निराळे सांगायला नको. आणि सुतारकामात दोन तिरक्या कापलेल्या पट्ट्या जिथे टोकाला टोक लावून भेटतात त्या सांध्याला हे नाव या मुकुटावरूनच पडले असावे, असे मानले जाते. आपले सुतार एवढ्या खोलात जात नाहीत. ते ‘पंचेचाळीसचा कट’ म्हणतात आणि कामाला लागतात.

हा पंचेचाळीसचा कट दिसायला साधा, पण मोठा हट्टी. चौकटीला कोपरे चार, म्हणजे काप आठ. प्रत्येक काप अर्ध्याच अंशाने चुकला तरी पहिले तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्या कोपऱ्यात सगळी थकबाकी एकदम वसूल होते आणि चार अंशांची फट उघडी पडते, जी दोन इंच रुंदीच्या पट्टीत पाच मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून तीन फळ्यांची, पन्हळीसारखी, दोन्ही बाजूंच्या फळ्यांत तिरप्या खाचा पाडलेली मायटरपेटी युरोपातल्या सुतारांनी फार पूर्वीच करून घेतली. पट्टी पन्हळीत ठेवायची, करवत खाचेत घालायची, आणि कोनाचा जामीन पेटीने राहायचे.

आमच्या घरी लहानपणी जे म्हातारे सुतार यायचे त्यांच्याजवळ अशी एक सागवानी पेटी होती. ते जमिनीवर उकिडवे बसत, पेटी पायाच्या तळव्याने दाबून धरत, आणि आपली देशी करवत, जी स्वतःकडे ओढताना कापते, तिने सावकाश काम करत. त्या पेटीच्या पुढच्या फळीवर, खाचेपासून जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर, वर्षानुवर्षे डावा अंगठा टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला होता. मी पट्टी धरायला पुढे झालो की ते म्हणत, “बाळा, अंगठा इथं दाब, हलू देऊ नको, बाकी करवत बघून घेते.” हा डावा अंगठा म्हणजे त्या यंत्राचा एक सुटा भागच होता म्हणा ना, आणि हातकरवत घसरलीच तर फार तर कातडीला ओरखडा जात असल्यामुळे त्या भागाला तिथे राहण्याची वहिवाट मिळून गेली होती.

पात्याने हाताशी काडीमोड घेतला तो गोल झाल्यावर. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने १७७७ साली काढलेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख सापडतो; त्याच गावच्या वॉल्टर टेलरने आरमारी जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या कप्प्या अशा करवतींनी कापल्या, आणि पुढे मार्क ब्रुनेलच्या यंत्रांनी पोर्ट्समथच्या गोदीत तेच काम फार मोठ्या प्रमाणावर चालवले. अमेरिकेत शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंना १८१३ च्या सुमारास, दोन पुरुष लांब करवत ओढताना निम्मी मेहनत परतीच्या खेपेत फुकट घालवतात हे पाहून, ही कल्पना सुचली अशी एक कथा आहे. इतिहासकार तिच्यावर शिक्का मारायला तयार नाहीत, तरी मला ती सोडवत नाही, कारण तिच्यात दोष नेमका हेरलेला आहे. गोल पात्याला परतीची खेप नसते. तेच त्याचे सामर्थ्य, आणि तोच त्याचा धोका.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या रेमंड डिवॉल्ट याने मोटार आणि पाते ही जोडी लाकडाच्या वर एका आडव्या दांड्यावर टांगली. लाकूड जागेवर स्थिर आणि करवत सरकती, अशी ती रचना. कारागीर पाते आपल्याकडे ओढी आणि पातेही, आपल्या फिरण्याच्या दिशेमुळे, त्याच्याकडे धावून येई. १९६४ मध्ये रॉकवेल या अमेरिकन कंपनीचा अभियंता एड नीहाउस याने निराळीच वाट धरली: जुनी मायटरपेटीच घेतली, खाचांच्या जागी कोनाच्या खुणा कोरलेले फिरते मेज दिले आणि हातकरवतीच्या जागी बिजागरीवर खालीवर होणारे, सोडताच स्प्रिंगने वर जाणारे गोल पाते बसवले. कंपनीने या रचनेवर पेटंट घेतले नाही आणि मक्ताच नसल्यामुळे ती बघता बघता सर्वांची झाली. तरीही पेटीचा वारसा इतका उघड होता की तिला बराच काळ ‘मोटारीची मायटरपेटी’ असेच म्हणत. मेजावरच्या खुणांतही तो वारसा वाचता येतो: पंचेचाळीस चौकटीसाठी, साडेबावीस अष्टकोनासाठी, आणि ३१.६ ही चमत्कारिक खूण छत व भिंत यांच्या सांध्यात तिरकी बसणाऱ्या पाश्चात्त्य नक्षीपट्टीसाठी. आपल्या घरांतून ती पट्टी क्वचितच दिसते, पण खूण मात्र प्रत्येक यंत्राबरोबर मुकाट्याने येते.

पेटीबरोबर वारशाने आणखी एक गोष्ट आली आणि तिचे दफ्तर मात्र कुणी तपासले नाही: डाव्या अंगठ्याची वहिवाट. दहा इंची पाते मिनिटाला पाच हजार फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर भरतो. साठ दातांचे पाते असेल तर दर सेकंदाला पाच हजार दात एका जागेवरून जातात. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद सहज जातो आणि तेवढ्यात साडेबाराशे दातांची हजेरी लागलेली असते. म्हणून या यंत्राच्या सुरक्षिततेचा पहिला आणि बव्हंशी शेवटचा कायदा डाव्या हाताच्या हद्दीचा आहे: पात्याच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना निदान सहा इंच हाताला मज्जाव, आणि हात हातावरून ओलांडून कधीही लाकूड धरायचे नाही. हातमोजे नकोत, कारण दात कातडी सोडून देतील, पण कापड सोडणार नाहीत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बंदोबस्त मात्र हवाच.

यंत्राचे शहाणपण असे की त्याचे पाते पुढच्या बाजूने खाली उतरते आणि तळाशी मागे वळते, म्हणजे लाकडाला मेजावर आणि मागच्या आडव्या टेकूवर आपणच दाबून धरते. दातही फारसे पुढे झुकलेले नसतात, नाहीतर ते लाकडावर चढायला बघतील. पण हे सारे टेकू लाकडाला पाठीमागून भिडलेला असला तरच. पट्टी वाकडी असेल तर तिची फुगीर बाजू टेकूला लावावी. मागे पोकळी राहिली की काप मिटतो, पाते चिमटीत सापडते आणि लाकूड उसळते. पुढे जपानी कारखान्यांनी दांड्यांवर मागेपुढे सरकणारी करवत रूढ केली तेव्हा डिवॉल्टच्या यंत्रावर हात बसलेली माणसे सवयीने ती ओढतच कापू लागली. वास्तविक तिथे क्रम उलटा आहे, आधी रिकामे आपल्याकडे ओढायचे, मग खाली दाबायचे, मग कापत मागे ढकलायचे.

मला हे धडे ज्या क्रमाने मिळायला हवे होते त्या क्रमाने मिळाले नाहीत. वडिलांच्या छायाचित्राची चौकट करत असताना एकदा काप पुरा होताच, पाते अजून घरघरत असतानाच, मी करवत वर सोडली. पडलेल्या दोन इंची तुकड्याला मागच्या दातांनी उचलले, टेकूवर आपटून त्याचा टवका काढला आणि तो तुकडा माझ्या खांद्यावरून जाऊन मागच्या भिंतीचा पोपडा पाडून भुश्यात पडला. आता मी खटका सोडतो, पाते पूर्ण थांबेपर्यंत हात खाली दाबूनच ठेवतो, आणि मगच वर घेतो. पाते बदलायचे तर आधी प्लग उपसून तो मला दिसेल असा मेजावर ठेवतो. मेजावर पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांवर तांबड्या रंगाच्या दोन रेघा ओढल्या आहेत.

त्या रेघांच्या आत बसेल इतका लहान तुकडा या यंत्रावर कापायचाच नाही, असे ठरवले आहे. छोट्या चौकटी, खेळण्यांची चाके, देवघराची पट्टी, हे सगळे काम आता पुन्हा सागवानी पेटीकडे गेले आहे. ती म्हाताऱ्या सुतारांच्या मुलाने मला दिली. तिच्यावरचा खळगा माझ्या अंगठ्याला थोडा मोठा पडतो.