बावड्याची जपानी तलवार

बावड्यात आमच्या घरी खंडेनवमीला कोयता आणि नांगराच्या फाळाशेजारी एक जपानी तलवार मांडतात. आजोबांनी इंफाळच्या लढाईत जपानी अधिकाऱ्याला मारून ती आणली, असे ऐकतच आम्ही मोठे झालो. यंदा काकांनी ती विकायची काढली. सामुराईची तलवार म्हणजे लाखांत, असा त्यांचा हिशेब. म्हणून मी ती उजेडात नेऊन नीट पाहिली.

जपानी अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ सहसा लाकडी असते. तिच्यावर पाकट माशाचे कातडे आणि वर फीत गुंडाळलेली असते. बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतल्या शेपटावर कारागिराची सही सापडू शकते. त्या शेपटावरचा गंज कधी घासू नये, वयाचा अंदाज त्यावरूनच येतो. काही अधिकाऱ्यांनी घराण्यातली शेकडो वर्षे जुनी पातीही लष्करी मुठीत बसवली होती. असे पाते निघाले, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ते देशाबाहेर विकता येत नाही.

आमच्या तलवारीची मूठ मात्र ओतीव ॲल्युमिनियमची निघाली. फीत गुंडाळल्याचा भास नुसता साच्यातला आणि रंगातला. खुंटीच्या जागी स्क्रू, पात्यावर मुठीजवळ ठोकलेला क्रमांक. हा '९५ नमुना', जपानी सनाच्या २५९५व्या वर्षी, म्हणजे १९३५ साली आलेला. कारखान्यात बनलेली, हवालदार दर्जाच्या शिपायांना सरकारने दिलेली तलवार. म्यानावरचा क्रमांक पात्याशी जुळतो, ही जमेची बाजू. पण हळदकुंकवाने पाते डागाळले आहे, आणि एका वर्षी चुलतभावाने ते पॉलिशपेपरने चकाचक केले. संग्राहक अशा तलवारीला घडीव पात्याची किंमत देत नाहीत.

मग आजोबांचा सैन्यातला दाखला काढला. मराठा लाइट इन्फंट्री, पहिली पलटण. मार्च १९४४मध्ये इंफाळजवळ सांगशाकला लढली ती चौथी. पहिली तेव्हा इटलीत होती; नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत, सेनिओ नदीवर, एप्रिल १९४५मध्ये. युद्धानंतर, १९४६ साली, ही पलटण २६८ ब्रिगेडबरोबर ताबा ठेवणाऱ्या फौजेत जपानला गेली. तिथे शस्त्रे गोळा होत होती. तलवार बहुधा तिथलीच.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इटलीत लढले, तर तसं सांगितलं का नाही कधी?"

दाखल्यावर 'इटली स्टार'ची नोंद आहे, 'बर्मा स्टार'ची नाही. पदक मात्र घरात कुठे सापडत नाही. तलवार विकायचे तूर्त राहिले आहे. आम्ही दोघे माळ्यावरच्या ट्रंका उघडतो आहोत.