काटा आणि आकडा

मुले कॉलेजला गेली, गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली, की आपल्यातल्या काही मंडळींना जुन्या गाडीचा नाद लागतो. कोणी साठच्या दशकातली बीटल आणतो, कोणी एमजीबी. घरचे त्यावर काय म्हणतात ते इथे छापण्यासारखे नाही! इंजिन सुरू होते, रंगही बरा निघतो. पण चाळीसच्या आसपास स्पीडोमीटरचा काटा पिंपळपानासारखा थरथरू लागतो, डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते आणि हायवेवर आपण नक्की किती वेगाने चाललो आहोत हे कळेनासे होते. बहुतेक जण सरळ दुसरा मीटर मागवतात. त्याआधी या यंत्राचा इतिहास वाचावा, असे मी सुचवीन. दुरुस्तीची निम्मी वाट त्या इतिहासातच सापडते.

जुन्या स्पीडोमीटरच्या डबीत खरे तर दोन यंत्रे असतात. एक मैलांचा आकडा पुढे सरकवते, दुसरे वेगाचा काटा हलवते. दोन्ही एकाच केबलवर चालतात, पण त्यांची कुळे अगदी निराळी.

आकड्याचे कूळ फार जुने. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन केले आहे. चाकाचा घेर साडेबारा फूट. चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. दर मैलाला दातेरी चक्रांच्या योगाने एक खडा भांड्यात टणकन पडे. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजायचे. मुंबईच्या टॅक्सीतले जुने यांत्रिक मीटर याच घराण्यातले. फेऱ्या मोजायच्या, दाते पुढे सरकवायचे. यात अंदाजाला जागा नाही.

काट्याचे कूळ सन १८२४ चे. पॅरिसमध्ये फ्रांस्वा अरागो याला आढळले, की तांब्याची तबकडी गरगर फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे ओढते कोण? उत्तर १८३१ मध्ये फॅरेडेच्या प्रयोगांतून मिळाले. चुंबक आणि धातू एकमेकांच्या संदर्भात हलू लागले, की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे ओढ लागते. ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते.

या शोधाला मोटारगाडीपर्यंत पोचायला पाऊण शतक लागले. गरज पडली ती कायद्यामुळे. ब्रिटनमध्ये १८९६ च्या कायद्याने ताशी १४ मैलांची मर्यादा घातली, १९०४ पासून ती २० मैल झाली. पोलीस स्टॉपवॉच घेऊन झुडपाआड बसत आणि चालकाकडे उत्तर द्यायला काहीच नसे. १९०५ मध्ये तिथे ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली, तीच मुळी सभासदांना अशा सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठी. इकडे १९०२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे याने चुंबकी स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावी वॉर्नर बंधूंनी कारखान्यातल्या यंत्राची कापण्याची गती मोजणारे चुंबकी उपकरण बनवले होते. तेच पुढे मोटारीत बसले.

रचना साधी आहे. केबल एका चुंबकाला फिरवते. त्याच्यावर, त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते आणि वाटीच्या दांड्याला काटा. चुंबक वाटीला ओढतो, घड्याळात असते तशी केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. जिथे दोघांची बरोबरी होते, तिथे काटा थांबतो. म्हणजे काटा फेऱ्या मोजत नाही. तो ओढीवरून वेगाचा अंदाज सांगतो, आणि अंदाज म्हातारा होतो. चुंबकाचा जोर उतरतो, स्प्रिंग सैल पडते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्का वाढतो. त्याची भरपाई केली नाही, तर २५ अंशांच्या फरकाने काटा दहा टक्क्यांच्या आसपास चुकेल. म्हणून चुंबकापाशी निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा एक तुकडा बसवलेला असतो. उष्णता वाढली की तो वाटीकडे जास्त चुंबकबल जाऊ देतो.

आता दुरुस्तीकडे वळू. एकाच केबलवर एक मोजणारा आणि एक अंदाज सांगणारा, असे दोन साक्षीदार आहेत. तेव्हा दोघांची वेगवेगळी साक्ष काढा. हायवेवर मैलाच्या पाट्यांशी दहा मैल आकडा ताडून बघा. मग काटा साठावर स्थिर धरा आणि शेजारच्या माणसाला घड्याळ लावायला सांगा. मैलाला बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. फोनवरचे जीपीएसही चालेल.

दोघेही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर डबी निर्दोष आहे. टायरचा आकार बदललेला असेल, नाही तर गिअर आणि मीटर यांची जोडी जमत नसेल. घेर पाच टक्के मोठा असलेला टायर घातला, तर काटा साठ दाखवील आणि गाडी त्रेसष्टने धावत असेल.

आकडा बरोबर आणि काटा मात्र सतत कमी किंवा जास्त, असे असेल तर दोष चुंबकात, स्प्रिंगमध्ये किंवा वाटीत. हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचे.

आकडा बरोबर, पण काटा थरथरतो आणि टिकटिकही येते, तर बहुधा केबल. कोरडी किंवा मुडपलेली केबल आत अडकते, पीळ साठवते आणि झटक्याने सोडते. साठलेला पीळ शेवटी परत मिळतो, म्हणून आकड्याचे काही बिघडत नाही. झटके बसतात ते फक्त काट्याला. थंडीच्या सकाळी येणारी किंकाळी मात्र बहुधा डबीतल्या कोरड्या बेअरिंगची असते. केबल डबीपासून सोडवून थोडे अंतर जाऊन पाहा. आवाज थांबला तर डबीवर संशय, चालू राहिला तर केबलवर. केबलचे टोक बोटांनी फिरवले, की अडखळणेही हाताला कळते. बीटलमध्ये ही केबल गिअरबॉक्समधून न येता पुढच्या डाव्या चाकातून येते, एवढे लक्षात ठेवा. ग्रीस बेताने लावा आणि वरची काही इंच जवळजवळ कोरडी ठेवा. नाही तर ग्रीस केबलबरोबर वर चढून वाटीपर्यंत पोचते आणि बरा काटाही खोटे बोलू लागतो. किंकाळीकडे दुर्लक्ष मात्र करू नका. बेअरिंग जाम झाले की केबल तुटते, मग काटाही नाही आणि आकडाही नाही.

आजच्या गाडीत ही सारी भानगड उरलेली नाही. सेन्सरचे ठोके मोजून संगणकच काटा आणि आकडा दोन्ही चालवतो. वेग आता अंदाजाने नाही, मोजणीने कळतो. माझ्या पेशाच्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण दोन साक्षीदार होते तिथे एकच उरला आहे. टायर चुकीचा बसला तर काटा आणि आकडा एकमताने चुकतात, तेही थरथर न करता, आवाज न करता. त्यांना पकडायला साक्षीदार बाहेरूनच आणावा लागतो: मैलाची पाटी आणि मनगटावरचे घड्याळ. वर्षातून एकदा, नव्या गाडीतसुद्धा, तो जरूर बोलवावा.