जुनी मोटारसायकल किक मारूनही सुरू होत नाही? गॅरेजला नेण्याआधी या क्रमाने तपासा

पहिल्या पाळीची वेळ झालेली असते, कंपनी वाळूजला असते आणि दारात उभी असलेली गाडी दहा-पंधरा किक मारूनही सुरू होत नाही. छत्रपती संभाजीनगरात हा प्रसंग नवा नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. १९९८ मध्ये ‘कॅलिबर’ ही मोटारसायकल याच कारखान्यातून बाहेर पडली. त्या काळातल्या बॉक्सर, कॅलिबर आणि नंतरच्या सीटी १०० गाड्या एमएच-२० ची पाटी लावून आजही शहरात आणि पैठण, गंगापूर, वैजापूरच्या रस्त्यांवर दिसतात.

या गाड्यांची रचना साधी आहे. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे, हे बऱ्याचदा घरीच कळू शकते. ते माहीत असेल तर पाळी बुडत नाही आणि प्लग खराब असताना कार्बोरेटर बदलण्याचा खर्चही वाचतो.

इंजिन सुरू होण्यासाठी काय लागते?

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब म्हणजेच कॉम्प्रेशन. चारपैकी एक जरी नसेल तरी गाडी सुरू होत नाही. म्हणून सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करा.

१. आधी एक मिनिट थांबा

- हँडलवर लाल किल स्विच असेल तर तो ‘ऑफ’वर गेला नाही ना?
- पेट्रोल कॉक ‘ऑन’ आहे का? टाकीत पेट्रोल कमी असेल तर तो ‘रिझर्व्ह’ला लावा.
- गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? सेल्फ स्टार्ट असेल तर क्लच दाबून पाहा.
- थंडीच्या सकाळी चोक ओढला का? इंजिन गरम असताना मात्र चोक बंदच हवा.

हसू येईल, पण मुलांनी खेळताना दाबलेला किल स्विच हे गाडी ढकलत गॅरेजला नेण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

२. पेट्रोल पोहोचते का?

कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढा, खाली बाटली धरा आणि कॉक उघडा. पेट्रोलची सलग धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा नळी तुंबली आहे. हे काम उघड्यावर आणि इंजिन थंड असताना करा. जवळ विडी, सिगारेट किंवा दिवा नको.

धार सुरुवातीला चांगली येऊन नंतर मंदावत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी काही अंतर चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, त्यामागे हे कारण असू शकते.

कार्बोरेटरच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसले तर टाकीत पाणी वा गंज आहे. पावसाळ्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त घडते.

३. इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे का?

चोक ओढून खूप किक मारल्या की सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाते. पेट्रोलचा वास येतो आणि प्लग भिजतो. अशा वेळी कॉक आणि चोक बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि आठ-दहा किक मारा. जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते. इंजिनने पकड घेतली की अॅक्सिलरेटर लगेच सोडा आणि कॉक उघडा.

४. प्लग काय सांगतो?

इंजिन थंड झाल्यावर पान्याने प्लग काढा आणि त्याचे टोक पाहा.

- फिकट तपकिरी: इंजिन नीट जळत आहे.
- काळी कोरडी काजळी: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तपासा.
- ओला, पेट्रोलचा वास: पेट्रोल पोहोचते आहे, पण जळत नाही. ठिणगी तपासा.
- किक मारूनही पूर्ण कोरडा: पेट्रोल पोहोचतच नसावे.
- काळा, तेलकट: इंजिन ऑइल जाळत आहे. हे काम मेकॅनिकचे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगच्या छिद्रापासून तो लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. सांडलेले पेट्रोल आधी पुसा. धातूला हात न लावता दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळसर, टणक ठिणगी चांगली. पिवळट, मंद ठिणगी कमजोर.

ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहा. तरीही नसेल तर प्लगची टोपी तपासा. पावसात तिच्यात पाणी शिरते किंवा आतली वायर सैल होते. त्यानंतरचा संशय कॉइल, सीडीआय आणि वायरिंगवर जातो. ते तपासायला मेकॅनिक हवा.

५. बॅटरीचा दोष की नाही?

अनेक जुन्या किकच्या गाड्यांमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज थेट मॅग्नेटकडून येते. त्यामुळे बॅटरी उतरली तरी किकने गाडी सुरू होते. काही नंतरच्या मॉडेलमध्ये मात्र ठिणगीलाही बॅटरी लागते. १२ व्होल्टची चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती चार्ज करावी लागेल.

६. हवा आणि दाब

मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. तो काढून झटका किंवा बदला. फिल्टरशिवाय गाडी चालवू नका. धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

किक नेहमीपेक्षा फारच हलकी लागत असेल तर दाब कमी झाला आहे. टॅपेट जास्त घट्ट असणे, व्हॉल्व्ह नीट न बसणे किंवा पिस्टन रिंग झिजणे ही त्याची कारणे. इथे घरगुती उपाय थांबतात.

ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसू शकते आणि गंज वाढतो. काही जुन्या गाड्यांमधील रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले. म्हणून नळी कडक किंवा चिकट झाली असेल तर लगेच बदला. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाका.

मेकॅनिककडे कधी जावे?

पेट्रोल येते, नव्या प्लगवर ठिणगी आहे, फिल्टर स्वच्छ आहे आणि तरीही गाडी सुरू होत नाही, तर किक मारत बसू नका. काय काय तपासले आणि काय दिसले, ते मेकॅनिकला क्रमाने सांगा. “प्लग ओला आहे, ठिणगी नाही” एवढे एक वाक्य त्याचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाचवते.

हे सर्व कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन असते. त्यांची तपासणी वेगळी असते.