वाव

नवी नोकरी चालून आली की माणूस आधी पगार विचारतो, मग पेन्शन, आणि शेवटी धीर गोळा करून बायकोचे मत. पहूरला आम्हा बँकवाल्यांचा क्रम हाच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा क्रम निराळा. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीलाच आमच्या खानदेशात आले. पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी पाण्याच्या नळाचे काम केले. पुढे, सगळ्यात वरची खुर्ची गोऱ्या साहेबांसाठीच आहे हे ओळखून १९०८ साली चांगली चालती नोकरी त्यांनी सोडली. १९०९ साली म्हैसूरने मुख्य इंजिनियर म्हणून बोलावले. गडी लगेच धावला नाही! कामाला वाव किती, ते आधी विचारून घेतले, मगच होकार दिला. १९११ साली कावेरीवर धरणाचे काम सुरू झाले, १९१२ साली स्वतः दिवाण झाले.

मलाही जळगावच्या एका शेठजींनी दीडपट पगारावर बोलावले आहे. मुलीच्या कॉलेजची फी त्यात सहज निघेल. मीही बाणेदारपणे विचारले, "कामाला वाव किती?"

शेठजी म्हणाले, "भरपूर! रात्री दहापर्यंत."

राजीनाम्याचा कागद तूर्त खिशातच आहे. सौ. म्हणते, "विश्वेश्वरय्यांना संध्याकाळची शेवटची एस. टी. गाठायची नव्हती."