एका पौर्णिमेची चाल

चपलांचे पट्टे घट्ट आहेत ना? नसतील तर सारंगखेड्याच्या धुळीत पहिल्या दहा पावलांतच त्या निसटतील. गळ्यात एक उपरणं असू द्या, आत्ता धुळीसाठी आणि पहाटे थंडीसाठी. आज मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. तापीकाठच्या या गावात एकमुखी दत्ताची यात्रा भरली आहे आणि इथून तुम्हाला एकच गोष्ट घरी न्यायची आहे: एक गाणं. तिथी हीच राहील. साल मात्र पायाखालून सरकत जाईल.

सकाळ. साल चालू.

यात्रा आधी नाकाला कळते. ओला कडबा, घोड्यांची लीद, उकळता चहा. मग डोळ्यांना कळते. जिकडे बघाल तिकडे घोडे: कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी आणि काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. एक व्यापारी पंचकल्याणी घोड्याचे चारही पांढरे पाय आणि कपाळावरचा पांढरा ठिपका गिऱ्हाइकाला हाताने दाखवतोय. दुसरा रेवाल चाल दाखवतोय. घोडा भरधाव जातो, पण वर बसलेल्याला हिसका म्हणून बसत नाही. 'चाल' हा शब्द लक्षात ठेवा. घोड्यालाही चाल असते आणि गाण्यालाही. आज तुमचं काम दोन्हींशी आहे.

तेवढ्यात हलगी कडाडते. गर्दी गोल होते आणि तुम्ही नकळत पुढे ढकलले जाता. मधोमध एक खाट. त्या खाटेवर एक घोडा चढतो, मान कमानीसारखी वाकवतो आणि पुढचे पाय आळीपाळीने उचलायला लागतो. तो हलगीवाल्याकडे बघतही नाही. फक्त त्याचे कान वळतात. ठेका दुप्पट झाला की टापाही दुप्पट. खाटेचा कुरकुराट तुमच्या दातांपर्यंत पोचतो. तुमच्या आजूबाजूला शंभर हात वर गेलेत आणि प्रत्येक हातात मोबाइल आहे. तुम्हीही वर धरा, हवं तेवढं टिपून घ्या. मिळाला ना ठेका? ठेवा खिशात. आता एक पाऊल मागे.

दुपार. साल १९८७.

खिसा चाचपून बघा. मोबाइल नाही. ऊन मात्र तेच आहे, टाळूवर बसणारं. समोर कॅसेटचं दुकान आहे: दोन बांबू, एक ताडपत्री, दोन कर्णे. शेजारी दुसरं दुकान, त्याचेही दोन कर्णे. एकातून प्रल्हाद शिंदे विठ्ठलाला आळवताहेत, दुसऱ्यातून आनंद शिंदे. मधल्या वाटेवर उभं राहिलात की एका कानात भक्ती, एका कानात लोकगीत आणि पाठीमागून भज्यांच्या घाण्याचा चरचराट. दोन्ही दुकानदार एकमेकांकडे बघतात आणि आवाज वाढवतात.

पुढे सरका. सातपुड्यातून उतरलेली चार पोरं दुकानापुढे थांबली आहेत. त्यांच्यातल्या एकाने नवा टेपरेकॉर्डर खांद्यावर असा धरलाय, जसा गावाकडे ढोल धरतात. फळीवर कॅसेटींच्या उतरंडी आहेत: सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, भीमगीतं, सिनेमाची गाणी आणि तमाशातले अख्खे वग. रात्रभर चालणारा वग कापून-छाटून तासाभरात बसवलाय, अर्धा तास या बाजूला आणि अर्धा त्या बाजूला. 'लावून दाखव,' तुम्ही म्हणता. दुकानदार कॅसेट खटकन बसवतो, बटण दाबतो. आधी नुसती खरखर, मग ढोलकी. कव्हरचं प्लास्टिक उन्हाने तापलंय, बोटांना चटका बसतो. ती विकत घ्या, उराशी धरा. घरी गेल्यावर गल्ली ती ऐकायला ओट्यावर जमेल. पण हीसुद्धा तुमच्या हातात राहणार नाही. अजून एक पाऊल.

संध्याकाळ. साल १९६०.

कर्ण्यांची संख्या एकदम कमी झाली म्हणून तुमचे कान क्षणभर बधिर होतात. मग त्यात बारीक आवाज शिरायला लागतात: बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, सुकलेल्या पऱ्हाट्या पेटल्याची तडतड. त्या जाळावर वांगी भाजताहेत. साल काळी पडून फुटते, गर शिजतो, धूर डोळ्यांत जातो. कळण्याच्या भाकरीवर तुम्हाला भरीत वाढलं जातं. हिरव्या मिरचीने कान गरम होतात, नाकातून पाणी येतं. खा. रात्र मोठी आहे.

सूर्य तापीवर टेकतो आणि देवळाकडे रेटारेटी होते. दत्तजन्माची वेळ. तुमचे पाय जमिनीवर आहेत की गर्दीने उचललेत, हे सांगता येत नाही. कापराचा वास, नारळाच्या पाण्याचा चिकटपणा, अंगावर उडणारा गुलाल. आत पाळणा म्हटला जातो आणि एवढा मोठा लोंढा एका बाळाच्या झोपेसाठी आवाज खाली आणतो. आज ऐकलेल्या संगीतात सगळ्यात हळू गायलेलं हेच. पाळण्याची चाल इथल्या प्रत्येकाला येते. ती कुणी शिकवलेली नसते, त्याच चालीवर ती माणसं स्वतः कधीतरी झोपलेली असतात.

बाहेर या. चहाच्या हॉटेलात तबकडी फिरतेय. पेटीवाला पोरगा हँडल फिरवून चावी देतो, सुई बदलतो, लाखेची काळी तबकडी दोन्ही हातांनी अलगद ठेवतो. पडली तर तुकडे. गाणं 'सांगत्ये ऐका'मधलं आहे. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशा भोसलेंचा आवाज. तमाशाच्या फडावरचा हा सिनेमा गेल्या साली आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजात तो १३१ आठवडे चालणार आहे. इथल्या कित्येकांनी पडदा बघितलेलाही नाही, पण जयश्री गडकर त्यावर कशी नाचली हे त्यांना ठाऊक आहे. गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपतं, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावतं. 'परत लाव,' दहाजण एकदम ओरडतात. पोरगा म्हणतो, दुसरा चहा घ्या. तुम्ही दुसरा चहा घेता.

आता चला तमाशाच्या कनातीकडे.

'सरक भो, बठू दे!' मागून कुणीतरी गुडघा रोवतं. तुम्ही गोणपाटावर बसता आणि दोन्ही खांदे दोन अनोळखी माणसांचे होतात. बिडीचा धूर, घोंगडीचा वास, वर गॅसबत्तीची सूं सूं. थंडी जमिनीतून हाडांत चढतेय. स्टेजमागे शेकोटी आहे आणि तिच्यावर हलगीवाला हलगी शेकतोय. थंडीने चामडं ढिलं पडतं, मग आवाज बसतो. तो एकदा बोटाने टिचकी मारून ऐकतो. नाही. अजून थोडा शेक. पुन्हा टिचकी. आता टणत्कार.

मग ढोलकी आणि हलगीची जी जुंपते, ती पोटात वाजते. सकाळी घोडा ज्या ठेक्याला वळला, त्याच ठेक्याला आता तुमचीच मान वळते. तुणतुण्याची एकच तार सूर धरून राहते, सुरते मागून झील ओढतात. गण होतो, गवळण होते, मावशी आणि पेंद्या तुम्हाला पोट धरून हसवतात. मग चाळ बांधलेली बाई पुढे येते आणि पुढच्या रांगेतून फर्माईश येते: तेच, सिनेमातलं!

ती हसते. तबकडीने तीन मिनिटांत बांधलेलं गाणं ती सोडवायला लागते. पहिली ओळ एकदा पुढच्या रांगेला, एकदा खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याला, एकदा आभाळाकडे बघून. प्रत्येक वेळी अर्थ निराळा. दौलतजादा येते, गाणं थांबतं, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, गाणं पुन्हा सुरू होतं. एका जागी ती श्वास रोखून उभी राहते. ढोलकी थांबते. हजार माणसं थांबतात. घुंगरूसुद्धा वाजत नाही. आणि मग टाच आपटते! फेटे वर उडतात. शेजारच्याने तुमचा दंड एवढा घट्ट धरलाय की वळ उठेल. तमाशाचा बाज सिनेमात गेला होता, आज तो गाणं होऊन आपल्या घरी परत आलाय, आणि तुम्ही त्याच्या स्वागताला बसला होतात.

पहाट.

वग संपलाय. बैलगाडीत कडबा अंथरलाय, त्यावर सहाजण. गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागते. मागे तापीवर धुकं, समोर सातपुड्याची काळी कड. उपरणं कानांवरून बांधा. तुमच्याकडे मोबाइल नाही, कॅसेट नाही, तबकडी नाही. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग गाडी हाकणारा मागे न बघता विचारतो, 'तुले कितलं याद शे?'

एकाला ध्रुवपद आठवतं. दुसऱ्याला अंतऱ्याचा निम्मा भाग. तिसऱ्याला शब्द आठवत नाहीत, पण तो गाडीच्या साटीवर ढोलकीचा ठेका बरोबर धरतो. एक ओळ कुणालाच सापडत नाही, तेव्हा म्हातारबाबा स्वतःचीच एक घालतात. चालीत ती फिट्ट बसते आणि सगळे मान हलवतात. तुमच्याकडे काय आहे? ती थांबण्याची जागा. कुठे श्वास रोखायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तेव्हा तुमचा दंड कुणीतरी धरला होता. तुम्ही तिथे थांबता. गाडीतले सगळे थांबतात. बैलांच्या घुंगरमाळा तेवढ्या वाजत राहतात.

घरी पोचता तेव्हा उजाडायचंय. आत जात्याची घरघर सुरू आहे. जिला तमाशाला जाता आलं नाही, ती घरधनीण दळतेय. पीठ तिच्या भुवयांपर्यंत उडालंय. खुंटा न सोडता ती विचारते, 'गानं कसं व्हतं?'

आता म्हणा. ती ऐकतेय, आणि जात्याचा फेरा तुमच्या चालीसाठी हळू झालाय.