फ्रेंचचा पहिला तास

परकी भाषा शिकविणाऱ्या महाविद्यालयांत वर्षारंभीं विद्यार्थ्याच्या हातीं बहुधा नियमांचा एक कागद पडतो. वर्गांत फ्रेंचखेरीज दुसरी भाषा बोलूं नये. रोज ठराविक वेळ घरीं अभ्यास करावा. अमुक दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास परीक्षेस बसतां येणार नाहीं. तयार भाषांतराचा आधार घेऊं नये. विद्यार्थी तो कागद वाचतो, घडी घालून वहींत ठेवतो आणि विसरून जातो. परंतु ह्या साध्या दिसणाऱ्या नियमांमागें दोन शतकांचा वाद आहे. नवशिक्यास भाषा येते ती गुरूनें समजावून दिल्यामुळें, कीं त्याच्या स्वतःच्या खटपटीमुळें? मातृभाषा ही त्याच्या हातांतील काठी, कीं पायांतील बेडी? ह्या प्रश्नांचें जें उत्तर शिक्षकाच्या मनांत असेल, त्याप्रमाणें त्याचे नियम बनतात.

अठराव्या शतकांत फ्रेंच ही युरोपांतील दरबारांची भाषा होती. श्रीमंत घरांत तिच्यासाठीं शिक्षक ठेवीत, आणि तो पुष्कळदां नाचाच्या व तलवारीच्या शिक्षकांच्या पंक्तीलाच बसे. विद्वानांच्या लेखीं खरी भाषा लॅटिन. जिवंत भाषा म्हणजे शोभेची वस्तु. पुढें शाळांतून फ्रेंच शिरली ती लॅटिनचाच झगा घालून. १७८३ सालीं मायडिंगर नांवाच्या जर्मन शिक्षकानें फ्रेंचचें एक व्याकरण प्रसिद्ध केलें. आधीं नियम, मग शब्द, मग त्या नियमांवर बेतलेलीं सुटीं वाक्यें फ्रेंचमध्यें करावयाचीं, अशी त्यांतील मांडणी. तें पुस्तक अतिशय खपलें आणि त्याचे अनुकरण करणारेहि पुष्कळ निघाले.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना ही रीति अपरिचित नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ १८६४ सालीं निघाली. तिच्यांतहि थोडें व्याकरण, थोडे शब्द आणि मग संस्कृतांतून इंग्रजींत व इंग्रजींतून संस्कृतांत करावयाचीं वाक्यें असाच क्रम आहे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजीचा श्रीगणेशा केलेल्या पिढ्यांना तर ह्या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही तोंडपाठ असत. गुण हा कीं, पाया पक्का होतो. दोष हा कीं, साहेब समोर उभा राहिला म्हणजे पक्क्या पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाहीं.

ह्या पद्धतीस पहिला जबर धक्का बसला तो १८१८ सालीं, आजच्या बेल्जियममधील लूव्हें येथें, आणि तोहि कोणी ठरवून दिलेला नव्हे. जोसेफ झाकोतो हा त्या कथेचा नायक. त्याचा जन्म १७७० सालीं दिझों येथें झाला. राज्यक्रांतीच्या काळांत तो तोफखान्यांत कप्तान होता. त्यापूर्वीं व त्यानंतर त्यानें अध्यापन केलें, आणि भाषा, गणित, कायदा अशा अनेक विषयांत त्याची गति होती. १८१५ मध्यें नेपोलियन परत आला, त्या शंभर दिवसांत झाकोतो लोकप्रतिनिधि म्हणून निवडून आला. बूर्बों राजे पुन्हां गादीवर बसतांच त्याला देश सोडावा लागला. त्या वेळीं हॉलंड आणि बेल्जियम मिळून एकच राज्य होतें. तेथील राजानें ह्या निर्वासितास लूव्हेंच्या विद्यापीठांत अर्ध्या पगारावर फ्रेंच वाङ्मयाचें अध्यापकपद दिलें. वय अठ्ठेचाळीस; घरदार मागें राहिलेलें; चार तास शिकवावें आणि उरलेलें आयुष्य शांतपणें काढावें, एवढीच त्याची अपेक्षा असावी.

अडचण पहिल्याच दिवशीं उभी राहिली. त्याचीं व्याख्यानें ऐकूं इच्छिणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांस फ्रेंच येत नव्हती, आणि झाकोतोला फ्लेमिश भाषेचा गंधहि नव्हता. समजावून सांगणें हेंच ज्याचें काम, त्याला समजावून सांगण्याचें साधनच उरलें नाहीं. सुदैवानें त्याच सुमारास ब्रुसेल्समध्यें फेनेलोंच्या ‘तेलेमाक’ ह्या ग्रंथाची द्विभाषिक आवृत्ति निघत होती. १६९९ सालीं प्रथम छापलेला हा ग्रंथ म्हणजे युलिसिसच्या मुलानें बापाच्या शोधार्थ केलेल्या भ्रमंतीची कथा. राजपुत्रास राजधर्म शिकविण्यासाठीं लिहिलेली आणि पुढें शतकभर घरोघरीं वाचली गेलेली. झाकोतोनें तें पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें आणि दुभाष्याकरवीं आपल्या अपेक्षा कळविल्या: भाषांतराच्या आधारानें मूळ फ्रेंच पाठ करा. पहिल्या प्रकरणाचा निम्मा भाग होईपर्यंत जें शिकलां त्याची पुनःपुन्हां उजळणी करा. पुढचा भाग नुसता वाचा, पण असा कीं वाचलेलें सांगतां आलें पाहिजे. व्याकरणाचा एकहि नियम त्यानें दिला नाहीं. क्रियापदें चालविण्याची कोष्टकें दिलीं नाहींत. देणार तरी कोणत्या भाषेंत?

कांहीं काळानें त्यानें विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, वाचलेल्या मजकुराविषयीं तुम्हांस काय वाटतें तें आतां फ्रेंचमध्यें लिहा. भयंकर चुका, किंवा कोरे कागद, ह्यांपलीकडे त्याची अपेक्षा नव्हती. हातीं आलेले निबंध पाहून तो थक्क झाला. मुलांनीं फ्रेंच तरुणांसारखें लिहिलें होतें, असें त्याचें म्हणणें.

दुसरा एखादा शिक्षक ह्या यशानें खूष झाला असता आणि पुढच्या वर्षीं दुभाष्या घेऊन पुन्हां व्याख्यानें देऊं लागला असता. झाकोतोनें त्यांतून एक प्रश्न काढला, आणि तो प्रश्न शिक्षकवर्गास अस्वस्थ करणारा होता. मीं कांहींच समजावून दिलें नाहीं, तरी हे शिकले. मग आजवर जें समजावून देत होतों त्याचा उपयोग कोणता? त्याचें उत्तर असें कीं, समजावून देणारा शिक्षक प्रत्येक वेळीं शिष्यास एकच गोष्ट शिकवितो, ती म्हणजे तुला माझ्यावांचून समजणार नाहीं. लहान मूल मातृभाषा शिकतें तें कोणाच्या स्पष्टीकरणानें नव्हे; ऐकून, तोलून, चुकून, दुरुस्त करून शिकतें. प्रौढ विद्यार्थ्याच्या अंगीं तीच बुद्धि असते. शाळेंत ती निजविली जाते. म्हणून शिक्षकानें बुद्धीला हात लावूं नये, विद्यार्थ्याच्या निश्चयाला लावावा. तूं काय पाहतोस, त्याविषयीं तुला काय वाटतें, त्याचें तूं काय करतोस, एवढेंच विचारावें, आणि प्रत्येक उत्तर पुस्तकांत बोट ठेवून सिद्ध करून मागावें. ह्यालाच तो ‘सार्वत्रिक शिक्षण’ म्हणूं लागला. १८२३ मध्यें त्याचा ग्रंथ निघाला. ‘तेलेमाक’चा पहिलाच शब्द कालिप्सो हा असल्यामुळें त्याच्या वर्गांत अभ्यासाचा आरंभ त्या अप्सरेच्या नांवानें होई: आधीं तो एक शब्द, मग तो व पुढला, मग तो, पुढला व त्यापुढला.

इतक्यावर थांबला असता तर झाकोतो शिक्षणशास्त्राच्या इतिहासांत एक चतुर भाषाशिक्षक म्हणून राहिला असता. पण तो पुढें गेला. आपणांस येत नाहीं तें देखील शिकवितां येतें, असें सांगून त्यानें चित्रकला आणि पियानो हे स्वतःस न येणारे विषय शिकविण्यास घेतले. सर्व माणसांची बुद्धि समान आहे, हें त्याचें दुसरें विधान तर त्या काळांत राजद्रोहाइतकें धीट होतें. गरीब, निरक्षर बाप आपल्या मुलास वाचावयास शिकवूं शकेल, असें तो प्रतिपादी. टीका झाली, थट्टा झाली, आणि अनुयायीहि मिळाले. १८३० मध्यें राज्यक्रांति झाली तेव्हां तो फ्रान्समध्यें परतला आणि १८४० मध्यें पॅरिस येथें वारला. त्यानंतर त्याचें नांव फारसें कोणी घेत नसे. १९८७ सालीं झाक रांसिएर ह्या फ्रेंच तत्त्वज्ञानें त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, तेव्हां तें पुन्हां लोकांच्या कानांवर पडलें.

लूव्हेंच्या ह्या प्रयोगाचें मोल ठरवितांना मात्र एक गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाहीं. ते विद्यार्थी विद्यापीठांतले होते, आणि १८१६ च्या नियमानुसार तेथील अध्यापनाची भाषा लॅटिन होती. म्हणजे झाकोतोचे शिष्य फ्रेंचपुढें कोरे उभे नव्हते. फ्रेंचची जननी त्यांच्या घरचीच होती. शिवाय त्या देशांत फ्रेंच ही सरकारी अंमलदारांची व वरच्या थराची बोली. ती रस्त्यांत, दुकानांत कानांवर पडणारच. संस्कृत जाणणाऱ्या माणसानें बंगालींतील कादंबरी कोशावांचून वाचावी, तसा कांहींसा हा प्रकार होता. झाकोतोचें श्रेय त्यानें कमी होत नाहीं, पण व्याकरण सर्वस्वीं अनावश्यक आहे हा निष्कर्ष त्यांतून निघत नाहीं. उच्चाराचा प्रश्नहि आहेच. पुस्तकाशीं ताडून लिहिणें तपासतां येतें, बोलणें तपासतां येत नाहीं.

त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे हार्वर्ड येथें जॉर्ज टिक्नोर हा निराळ्या अडचणीशीं झगडत होता. १८१९ मध्यें त्यानें फ्रेंच व स्पॅनिश भाषांचें अध्यापकपद स्वीकारलें. गटिंगेन येथें शिकून आलेल्या ह्या गृहस्थास हार्वर्डची वर्गपद्धति पोरखेळ वाटली: सर्व विद्यार्थी एकाच वर्गांत, एकाच चालीनें, आणि शिक्षकाचें काम फक्त पाठ म्हणून घेण्याचें. ज्याची जशी प्रगति तशी त्याची तुकडी, हें तत्त्व त्यानें लावून धरलें. १८२५ च्या नव्या नियमांत तें घातलें गेलें. इतर विषयांत तें लवकरच निपचित पडलें, पण टिक्नोरच्या विभागांत टिकलें. १८३२ मध्यें बोस्टन येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें सांगितलें कीं, जिवंत भाषा शिकण्याचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे ती बोलणाऱ्यांत राहणें. तें शक्य नसेल तेथें मात्र सर्वांना एकच पद्धति लावूं नये, वय आणि स्वभाव पाहून मार्ग निवडावा. झाकोतोच्या घोषणांपुढें हें बोलणें फिकें वाटतें, परंतु वर्ग चालविणाऱ्यास उपयोगी पडतें तें असलेंच.

टिक्नोरच्या मागून त्या जागेवर कवि लाँगफेलो आला. पूर्वीं बोडन महाविद्यालयांत असतांना मनाजोगें पुस्तक मिळेना, म्हणून त्यानें लोमों ह्या फ्रेंच ग्रंथकाराचें लहानसें व्याकरण स्वतः भाषांतरित करून १८३० मध्यें छापलें होतें. हार्वर्डमध्यें तर फ्रेंचचा शिक्षक निघून गेल्यावर नवशिक्यांचे तास त्यालाच घ्यावे लागले. ह्या कामाचा कंटाळा त्यानें लपविला नाहीं, आणि १८५४ मध्यें पद सोडलें.

अमेरिकेंतच, प्रॉव्हिडन्स येथें, १८७८ सालीं लूव्हेंची कथा उलट्या अंगानें घडली, असें सांगतात. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ ह्या शिक्षकानें पत्रव्यवहार करून झोली नांवाचा एक मदतनीस नेमला. तो आला तेव्हां कळलें कीं, त्याला इंग्रजी मुळींच येत नाहीं. बर्लिट्झ आजारी होता. त्यानें झोलीस सांगितलें कीं, वस्तूंकडे बोट दाखवा, क्रिया करून दाखवा, वेळ निभवा. कांहीं आठवड्यांनीं बर्लिट्झ वर्गांत परतला तों विद्यार्थी फ्रेंचमध्यें प्रश्नोत्तरें करीत होते. त्यांतून वर्गांत मातृभाषेस पूर्ण बंदी घालणारी पद्धति जन्मास आली, आणि तिच्या शाळा जगभर पसरल्या. दोन्ही ठिकाणीं अपघात एकच: गुरूला शिष्याची भाषा येत नव्हती. निघालेले नियम मात्र परस्परविरुद्ध. झाकोतोच्या वर्गांत भाषांतर हेंच एकमेव साधन. बर्लिट्झच्या वर्गांत तेंच निषिद्ध. आजच्या नियमपत्रकांतील ‘फ्रेंचमध्येंच बोला’ हें वाक्य बर्लिट्झच्या घराण्यांतलें आहे. झाकोतोचा वारसा तेथें क्वचित् दिसतो.

मराठी विद्यार्थ्यास ह्या वादांत आणखी एक पदर आढळतो. तो फ्रेंच शिकतो ती पुष्कळदां इंग्रजी माणसासाठीं लिहिलेल्या पुस्तकांतून. निर्जीव वस्तूला लिंग कसें असेल, ह्या शंकेचें निरसन करण्यांत तीं पुस्तकें पानेंच्या पानें घालवितात. ज्याच्या भाषेंत भिंत स्त्रीलिंगी आणि दार नपुंसकलिंगी आहे त्याला ही शंका येतच नाहीं. त्याचा प्रश्न निराळा असतो, तो असा कीं, मराठींत पुल्लिंगी असलेला चंद्र फ्रेंचमध्यें स्त्री कां झाला. एकेरी ‘तू’ आणि आदरार्थी ‘व्हू’ ह्यांतील भेद त्याला आजीनेंच शिकविलेला असतो. नाकांतून निघणारे स्वरहि कोंकणांतल्या मुलास परके नाहींत. उलट फ्रेंचमध्यें नाम तीन लिंगांऐवजीं दोहोंतच बसवावें लागतें, आणि लिहिलेल्या शब्दाचीं शेवटचीं अक्षरें उच्चारांत गळून पडतात, ह्याची संवय त्याला कष्टानेंच लागते, कारण देवनागरी लिहिल्याप्रमाणें वाचण्याचें वळण लावते.

विसाव्या शतकांत हा लंबक दोनदां जोरानें हलला. १९२९ मध्यें अमेरिकेंतील कोलमन अहवालानें स्पष्ट सांगितलें कीं, बहुतेक विद्यार्थी परकी भाषा दोनच वर्षें शिकतात. एवढ्या वेळांत बोलणें येणें शक्य नाहीं, तेव्हां वाचन हेंच ध्येय ठेवावें. लगेच पाठ्यपुस्तकें मोजक्या शब्दांचीं झालीं आणि वर्गांत शांतता पसरली. १९४३ मध्यें महायुद्धासाठीं दुभाषे हवे झाले, तेव्हां सैन्यानें त्याच महाविद्यालयांत लहान लहान तुकड्या केल्या, प्रत्येकीस ती भाषा जन्मतः बोलणारा माणूस दिला, आठवड्याचे तास कित्येक पटींनीं वाढविले. आणि अनेक तरुण थोड्या महिन्यांत बोलूं लागले. पद्धतीचा जयजयकार झाला. तासांचा हिशेब थोड्यांनींच केला.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्यें संध्याकाळीं फ्रेंच शिकण्यास येणाऱ्या नोकरदार माणसाजवळ सैनिकांइतके तास नसतात, आणि लूव्हेंच्या विद्यार्थ्यांचें लॅटिनहि नसतें. ‘तेलेमाक’ आतां नवशिक्याच्या हातीं कोणी देत नाहीं. डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर भाषांतर छापलेलीं छोटीं पुस्तकें मात्र पॅरिसच्या दुकानांतून अजूनहि विकलीं जातात.