ठिगळाशेजारचा गंज

गॅलरीच्या छताचा ताटाएवढा तुकडा एके दुपारी खाली पडला. आमची आई रोज सकाळी ज्या खुर्चीत बसून भाजी निवडते, नेमका त्या खुर्चीवर. सकाळ नव्हती म्हणून निभावले. वर पाहिले तर दोन सळया उघड्या पडलेल्या, तांबूस, हात लावला की पापुद्रे सुटत होते. कंत्राटदाराचा माणूस आला. त्याने सैल भाग पाडला, सळयांवरून ब्रश फिरवला, सिमेंटचा माल थापला, वर रंग दिला. काम नीटनेटके दिसत होते. पण दुसरा पावसाळा संपतो न संपतो तोच ठिगळाच्या कडेला, पूर्वी अगदी धड असलेल्या जागी, छत फुगून आले. ठिगळ मात्र शाबूत!

माणसाने काम उरकले असे आम्ही आधी म्हणालो. मग समुद्राजवळ राहणाऱ्या ओळखीच्या घरांतून चौकशी केली, तर बऱ्याच ठिकाणी हीच कथा. एवढे गवंडी एकाच तऱ्हेने चुकत असतील, तर चूक गवंड्याच्या हातात नसून आणखी कुठेतरी असली पाहिजे. ती शोधताना आम्हांला १८२४ सालापर्यंत मागे जावे लागले.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने एका कृत्रिम दगडाचे पेटंट घेतले. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून, दळून केलेली ती पूड होती. पाणी घालून ती घट्ट झाली की पोर्टलंडच्या नामांकित इमारती दगडासारखी दिसे, म्हणून तिला त्याने ‘पोर्टलंड सिमेंट’ नाव दिले. कल्पना अगदी नवी नव्हती. एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधताना (ते १७५९ मध्ये उजळले) जॉन स्मीटनने पाहिले होते की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. ॲस्पडिनची पूड आजच्या सिमेंटइतकी भाजलेली नव्हती. भट्टीची आच वाढवून आजच्यासारखे सिमेंट पुढे १८४० च्या दशकात होऊ लागले. सुरुवातीला या पदार्थाचे एक मोठे काम होते विटांच्या भिंतीला दगडाचा मुलामा देण्याचे. म्हणजे सिमेंट घरात आले तेच पृष्ठभाग सजवायला.

त्यात लोखंड घालण्याची युक्ती इंजिनियरांची नव्हे. दक्षिण फ्रान्समधल्या लांबो नावाच्या जमीनदाराने १८४८ मध्ये तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून होडी केली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. जोसेफ मोनिए हा माळी. त्याला न फुटणाऱ्या कुंड्या हव्या होत्या. त्याचे पेटंट १८६७ चे. लोखंड ताण सोसते, काँक्रीट दाब सोसते, आणि योगायोग असा की तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात. नाहीतर आपल्याकडच्या एका उन्हाळ्यातच स्लॅब आतून सुटा झाला असता. भारतात १९१४ पासून पोरबंदरला सिमेंट निघू लागले आणि माळ्याची ही कुंडी हळूहळू आपल्या डोक्यावरचे छत झाली.

पण ओल्या काँक्रीटमध्ये पुरलेले लोखंड गंजत कसे नाही? आम्ही शाळेत असताना ‘हवा लागत नाही म्हणून’ असे उत्तर ऐकले होते. ते अपुरे आहे. काँक्रीट सच्छिद्र असते, हवा आणि पाणी दोन्ही आत जातात. खरे कारण असे की सिमेंटची पाण्याशी विक्रिया होताना विरलेला चुना मोकळा होतो आणि छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी बनते. त्याचा सामू साडेबाराच्याही वर जातो. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पडदा तयार होतो आणि पुढचे गंजणे जवळजवळ थांबते. लोखंडाच्या या ‘निष्क्रिय’ अवस्थेबद्दल १८३६ मध्ये शनबाइन आणि मायकेल फॅरडे यांच्यात पत्रव्यवहार झाला होता. त्यांच्यापुढे काँक्रीट नव्हते, तीव्र नायट्रिक आम्ल होते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या ऑक्साइडच्या थराची कल्पना फॅरडेने तेव्हाच मांडली.

हा पडदा दोन गोष्टींनी फाटतो. पहिली, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीच विक्रिया काँक्रीटमध्ये बाहेरून आत सरकत जाते आणि सामू ९ च्या खाली आणते. यात एक विरोधाभास आहे. जुन्या वाड्यांचा चुना याच वायूमुळे घट्ट होत असे. इथेही काँक्रीट स्वतः कमकुवत होत नाही, त्यातले लोखंड मात्र उघडे पडते. ही सरकण्याची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा दहा वर्षांत ती १० मिलिमीटर झाली, तर २० मिलिमीटरसाठी चाळीस वर्षे लागतील. म्हणजे सळईवरचा थर निम्मा ठेवला की आयुष्य निम्मे नव्हे, चतुर्थांश होते. सेंट्रिंगच्या फळ्यांवर खाली ठोकळे न ठेवता सळया तशाच पसरलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तेव्हा वाचलेल्या त्या चिमूटभर मालाची किंमत नातवंडे मोजतात.

दुसरी गोष्ट मीठ. समुद्रावरचा वारा, न धुतलेली खाडीची वाळू किंवा खारे पाणी यांतून क्लोराइड आत गेले, तर सामू चांगला असतानाही तो पडदा जागोजाग भोकसतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे खालचा थर ढकलला जातो. छत फुगते, मग पडते.

हे समजले तरी आमचे कोडे सुटत नव्हते. ठिगळाशेजारी का? याचे उत्तर १८२४ च्याच दुसऱ्या एका प्रकरणात सापडते. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि खाऱ्या पाण्यात ते झिजत. उपाय सुचवण्याचे काम हम्फ्री डेव्हीकडे आले. त्याने तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा तुकडा जोडला. खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा विद्युतघट झाला. तुकडा स्वतः झिजला आणि तांबे वाचले. मदतनीस होता तोच फॅरडे. प्रयोग यशस्वी, पण आरमाराच्या दृष्टीने फसला. झिजणाऱ्या तांब्याचे क्षार विषारी असल्यामुळे त्यावर शिंपले आणि शेवाळ धरत नसे. तांबे झिजेनासे झाल्यावर तळ शिंपल्यांनी भरले आणि जहाजांचा वेग मंदावला. काही वर्षांत ते तुकडे काढून टाकावे लागले.

आता आमच्या गॅलरीकडे पाहू. गंजलेला भाग आणि शेजारचा धड भाग एकाच सळईचे; मधले ओलसर, खारट काँक्रीट म्हणजे विद्युतघटातले द्रावण. सळई जिथे गंजत होती तिथे धनाग्र होते आणि शेजारचा भाग ऋणाग्र. म्हणजे गंजणारा तुकडा शेजाऱ्याला वाचवत होता, डेव्हीच्या जस्तासारखा! मीठ शेजारच्या काँक्रीटमध्येही होते, पण या तुकड्याच्या जिवावर ते निभावत होते. आम्ही खराब भाग काढून ताजा, अल्कधर्मी माल भरला. त्यातली सळई निष्क्रिय झाली, ऋणाग्र बनली. संरक्षण संपलेला शेजारी आता धनाग्र झाला आणि गंजू लागला. ठिगळ जितके चांगले, तितके हे ठळकपणे होऊ शकते. गवंड्याला आम्ही मनातल्या मनात दिलेले दूषण म्हणूनच मागे घ्यावे लागले, निदान अर्धे.

डेव्हीची आणि ॲस्पडिनची गाठ पडायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली. थंडीत बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेले अमेरिकेतले पूल गंजू लागले, तेव्हा १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॅटफुल या अभियंत्याने एका पुलाच्या सळयांना बाहेरून विद्युतप्रवाह देऊन पूर्ण पृष्ठभाग ऋणाग्र केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठिगळाच्या आत, कडेच्या सळईला बांधण्याच्या जस्ताच्या लहान वड्या आल्या. त्या म्हणजे डेव्हीचाच तुकडा.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. तीन बाटल्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत चुन्याची निवळी, तिसरीत निवळी आणि चमचाभर मीठ. प्रत्येकीत घासून चकचकीत केलेला खिळा टाका. निवळीच्या बाटल्या गच्च बंद ठेवा, नाहीतर हवेतला वायू निवळीचा अल्क संपवून टाकेल. काही दिवसांत दुसऱ्या बाटलीतला खिळाच तेवढा स्वच्छ राहिलेला दिसेल. फिनॉल्फ्थॅलीनचे स्पिरिटमधले द्रावण असेल तर पडलेल्या काँक्रीटच्या नुकत्याच फोडलेल्या बाजूवर टाका. गुलाबी झाले तिथे अल्क शिल्लक आहे, रंगहीन राहिले तिथवर हवा पोहोचली आहे. मिठाबद्दल मात्र हा दर्शक काहीच सांगत नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती बंद करवून घेतली. मग छताला टेकू देऊन, लाकडी दांड्याने ठोकत ठोकत पोकळ आवाज येणारी जागा खडूने आखली आणि त्याच्याही पुढे, सळई स्वच्छ लागेपर्यंत फोडायला लावले. सळईच्या मागे बोट जाईल इतकी जागा केली, कारण मागच्या बाजूचा गंज ब्रशला सापडत नाही. एक सळई फार झिजली होती. अभियंत्याच्या सल्ल्याने तिच्याजोडीला नवी बांधली. तुळई किंवा खांब असता तर आम्ही छिन्नी लावूच दिली नसती, आधी अभियंता. कडांना जस्ताच्या वड्या बांधल्या, माल थरांत भरला आणि सात दिवस तो ओला ठेवला. या शेवटच्या कामावरूनच सर्वांत जास्त वाद झाले. रंगाऱ्याला दुसऱ्या दिवशीच यायचे होते.

त्यानंतर चार पावसाळे झाले. वड्या आतून झिजत असणार आणि कधीतरी संपणार. दर मे महिन्यात आम्ही दांडा घेऊन छत वाजवून पाहतो. आईने खुर्ची मात्र तेव्हाच स्वयंपाकघरात नेली, ती अजून परत आणलेली नाही.